ठिपका आणि रेघ : आलेखाच्या कागदाची कहाणी



साहित्य संस्थेच्या व्यासपीठावरून आलेखाच्या कागदाबद्दल बोलायचे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. हा विषय गणिताच्या मास्तरांचा, असे आपण धरून चालतो. परंतु आलेख हा शब्दच आपल्या अंगणातला आहे. त्याच्या मुळाशी ‘लिख्’ हा धातू आहे, आणि त्याचा जुना अर्थ ओरखडणे, रेखाटणे आणि लिहिणे असा तिहेरी आहे. आलेख म्हणजे आकड्यांचे लिहिणे. जे लिहिले जाते ते खरे की खोटे, पुरे की अपुरे, हे विचारण्याचा अधिकार साहित्याच्या वाचकाला असतोच. त्याच अधिकाराने आज हा इतिहास आपल्यापुढे ठेवतो.

शाळेत आपण सर्वांनी हे केले आहे. कागदाच्या खालच्या अंगाला एक आडवी रेघ ओढायची, तो क्ष-अक्ष. डाव्या अंगाला उभी रेघ, तो य-अक्ष. आडव्या अक्षावर साल, महिना किंवा तास मांडायचे. उभ्या अक्षावर ज्याचे मोजमाप केले ते, म्हणजे ताप, पाऊस, भाव, माणसे. मग प्रमाण ठरवायचे आणि ते उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे. त्यानंतर एकेका नोंदीसाठी एक बोट आडव्या अक्षावरून वर आणि दुसरे उभ्या अक्षावरून उजवीकडे न्यायचे. दोन्ही जिथे भेटतात तिथे टोकदार पेन्सिलीने ठिपका द्यायचा. सगळे ठिपके झाले की ते पट्टी धरून ओळीने जोडायचे. झाला आलेख.

यातली शेवटची पायरी सर्वांत सोपी वाटते आणि खरी अडचण तिच्यातच आहे. मोजमाप झालेले असते ते फक्त ठिपक्यांचे. दोन ठिपक्यांच्या मधे जी रेघ येते, तिथे कोणीही उभे राहून मोजलेले नसते. ठिपका ही साक्ष आहे. रेघ हे आपले विधान आहे. माणसाने हे विधान करण्याचे धाडस केव्हा केले, कशाच्या बळावर केले, आणि ते कुठे फसते, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

दोन आकड्यांनी एक जागा नेमकी सांगायची, ही कल्पना फार जुनी. दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलाच्या ग्रंथात हजारो स्थळांचे अक्षांश-रेखांश दिले होते. आपल्याकडच्या सिद्धान्तग्रंथांनी मध्यरेषा उज्जयिनीवरून नेली आणि इतर गावांचे अंतर तिच्यापासून मोजले. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे सांगायला नकोच. जयसिंहाने उभारलेली तिथली वेधशाळा १९२३ साली शिंदे सरकारने दुरुस्त करवून घेतली. पण नकाशावर दोन्ही अक्ष जागेचेच असतात. काळ हा एक अक्ष होऊ शकतो, कालची आणि आजची वेळ कागदावर शेजारी-शेजारी मांडता येते, हे सुचायला फार काळ लागला.

युरोपातल्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात ग्रहांच्या फिरण्याचे एक चित्र आहे. आडवे तीस भाग पाडलेले, उभ्याही रेघा ओढलेल्या, आणि त्या जाळीवरून प्रत्येक ग्रहाची नागमोडी वाट गेलेली. आजच्या मुलाला ते दाखवले तर तो त्याला बेलाशक आलेखच म्हणेल. पण या चित्राला पुढे कित्येक शतके वारस मिळाला नाही. चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने बदलणाऱ्या गुणाची तीव्रता उभ्या रेघांच्या उंचीने दाखवली. १६३७ साली देकार्तची भूमिती प्रसिद्ध झाली, त्याच सुमारास फेर्माही तोच विचार करीत होता, आणि समीकरण व वक्ररेषा ही एकाच गोष्टीची दोन रूपे ठरली.

इथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. समीकरणावरून काढलेल्या रेघेवर आपण जितके ठिपके मागू तितके मिळतात. दोन ठिपक्यांमधे काय असेल याची शंका उरत नाही, कारण नियम मधल्या प्रत्येक जागेचा जामीन असतो. ही नियमाची रेघ झाली. व्यापाराचे, पावसाचे, जन्ममृत्यूचे आकडे असा जामीन घेऊन येत नाहीत. ते सुटे सुटे येतात. त्यांच्या मधून रेघ ओढायला निराळ्याच प्रकारचे धैर्य लागते. १६८४ सालभर ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट प्लॉट याने हवेच्या दाबाची रोजची नोंद अशा रेघेने मांडली. पण विद्वानांची सवय कोष्टकाची होती आणि ती सुटली नाही. आपलीही हीच तऱ्हा. पंचांग हे कोष्टकच. केरूनाना छत्र्यांनी १८६० साली मराठीत ग्रंथ सिद्ध केला, त्याचे नावच ‘ग्रहसाधनाची कोष्टके’. कोष्टकात हवा तो आकडा नेमका सापडतो. त्या आकड्यांची चाल मात्र नजरेत भरत नाही.

ती चाल दाखवून देणारा मनुष्य विद्वान नव्हता. विल्यम प्लेफेअर हा १७५९ साली स्कॉटलंडमध्ये एका पाद्र्याच्या घरी जन्मला. वडील लवकर वारले आणि थोरल्या भावाने, जॉनने, त्याला वाढवले. हा जॉन पुढे एडिंबरोस गणिताचा अध्यापक झाला. हिंदू ज्योतिषावर त्याने १७८९ साली तिथल्या विद्वत्सभेत निबंध वाचला होता, म्हणून आपल्याकडच्या ज्योतिषाच्या इतिहासातही त्याचे नाव येते. लहानग्या विल्यमला जॉनने एक काम लावून दिले होते: रोज उष्णतामापक पाहायचा आणि त्याचा आकडा कागदावर उंचीने मांडायचा. जे काही आकड्यांनी सांगता येते ते रेघांनीही सांगता येते, हा धडा आपण भावाकडून घेतला, असे विल्यमने पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे. मळणीयंत्राचा कर्ता अँड्र्यू माइकल याच्याकडे उमेदवारी करून तो १७७७ साली बर्मिंगहॅमला जेम्स वॅटच्या कारखान्यात नकाशे काढणारा कारकून म्हणून लागला.

१७८६ साली त्याने व्यापार आणि राजकारण यांचा आलेखसंग्रह प्रसिद्ध केला. नकाशांच्या पुस्तकाला ॲटलास म्हणत. याने देशांऐवजी देशांच्या व्यापाराचे ॲटलास काढले. त्यात ४४ आकृत्या होत्या, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या आणि हाताने रंगवलेल्या. इंग्लंडचा निरनिराळ्या मुलखांशी चाललेला व्यापार त्यांत होता. आडव्या अक्षावर साले, उभ्या अक्षावर पौंड. एक रेघ आयातीची, एक निर्यातीची. दोन रेघांमधली जागा रंगवलेली, म्हणजे देशाला व्यापारात येणे किती आणि देणे किती हे वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळावे. हिंदुस्थानशी चाललेल्या व्यापाराचीही आकृती त्यात आहे. ज्या रेघेचा चढ लंडनच्या पेढीवर मोजला जात होता, तिचे दुसरे टोक आपल्या विणकरांच्या मागांपाशी होते. त्यांची रेघ मात्र त्या पुस्तकात कोणी ओढली नाही.

प्लेफेअरची युक्तिवाद करण्याची रीत साधी होती. एखाद्या दुकानदाराने रोजची कमाई रोज एका चवडीत रचली आणि चवडी ओळीने मांडल्या, तर चवडीच्या उंचीवरून धंद्याची बरकत दिसेल. आलेख म्हणजे तेच, पैशाऐवजी रेघांत. पण पुस्तक छापण्यापूर्वी वॅटने त्याला एक सल्ला दिला होता. आकृत्यांबरोबर ज्यांवरून त्या काढल्या ती कोष्टकेही छाप. नाहीतर सगळा डोलारा तुझ्या एकट्याच्या शब्दावर उभा राहील आणि ही माहिती तुला कुठून मिळाली, असे लोक विचारतील. यंत्रे बनवणाऱ्या माणसाला आलेखाचे दुखणे बरोबर कळले होते. रेघ पाहणाऱ्याला पटकन पटते, म्हणूनच तिच्यामागची साक्ष हाताशी ठेवावी लागते.

त्या ४४ आकृत्यांपैकी एक निराळी आहे. स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे प्लेफेअरपाशी एकाच वर्षाचे होते, १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतचे. मागची-पुढची साले नसताना रेघ ओढणार कशी? त्याने ती ओढली नाही. एकेका मुलखासाठी त्याने एकेक पट्टा काढला, आणि त्यातून स्तंभालेख जन्मला. हे चित्र त्याला स्वतःला कमी दर्जाचे वाटले, कारण त्यात काळ वाहत नव्हता. मला मात्र त्या पुस्तकातला तो सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. साक्ष एकाच वर्षाची, तर विधानही एकाच वर्षापुरते.

प्लेफेअरचे पुढचे आयुष्य फारसे सुखाचे गेले नाही. धंदे बुडाले, कर्जे झाली, तुरुंग पाहावा लागला, आणि १८२३ साली तो दारिद्र्यात वारला. त्याच्या रेघेला इंग्लंडातल्या विद्वानांनी लगेच थारा दिला नाही. तिला खरा आधार मिळाला तो यंत्रांकडून. वॅटच्याच कारखान्यातल्या जॉन सदर्नने १७९६ च्या सुमारास वाफेच्या यंत्राला एक सरकती पाटी आणि पेन्सिल जोडली. नळकांड्यातला दाब बदलेल तशी पेन्सिल वरखाली होई आणि यंत्र आपला आलेख आपणच काढी. ही तिसऱ्या जातीची रेघ. हिच्यात पेन्सिल कागदावरून उचललीच जात नाही, म्हणून मधली जागा रिकामी राहत नाही. या रेघेचे मोल वॅट इतके जाणून होता की हे साधन त्याने कित्येक वर्षे गुप्त राखले.

आपल्याकडे अशा अखंड नोंदीची परंपरा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत रुजली. कंपनी सरकारने ती १८२६ साली स्थापन केली आणि १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. लोकमान्य टिळकांचे पुढे गुरू झालेले केरूनाना छत्रे तरुणपणी इथेच सहायक होते. माणसाने ठरल्या वेळी उठून काटा पाहायचा आणि आकडा लिहायचा, असे ते काम. पुढे छायाचित्रणाच्या युक्तीने प्रकाशाचा ठिपकाच सरकत्या कागदावर रेघ ओढू लागला. मात्र यंत्राची रेघही भोळी असते. जे येईल ते ती लिहिते. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विजेमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाऐवजी ट्रामचे येणेजाणेच कागदावर उमटले असते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली अलिबागेस दुसरी वेधशाळा उभी केली, आणि ती आजही तिथे आहे. रेघ खरी राहावी म्हणून माणसांनी समुद्र ओलांडून घर बदलले.

आता कागदाकडे येऊ. चौकटी छापलेला कागद विलायतेत मिळू लागल्यावरही बराच काळ तो महाग होता आणि शाळेतल्या पोराच्या हाती येण्याजोगा नव्हता. तो यावा म्हणून झटला जॉन पेरी. हा अभियंता १८७५ ते १८७९ या काळात टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होता, आणि तिथे त्याने विद्यार्थ्यांना चौकटीच्या कागदावर काम करायला लावले. इंग्लंडात परतल्यावर लंडनच्या फिन्सबरी कॉलेजात कारागिरांना शिकवताना त्याने तीच रीत चालवली. १९०१ साली ग्लासगोच्या परिषदेत त्याने गणिताच्या शिक्षणावर कडाडून टीका केली: मुलांना युक्लिडची प्रमेये घोकायला लावण्यापेक्षा स्वतः मोजायला, ठिपके द्यायला आणि रेघ ओढायला शिकवा. त्यानंतर पुष्कळ देशांच्या शालेय गणितात आलेख शिरला. हातात पेन्सिल देऊन शिकवण्याची ही हाक वडोदेकरांना नवी नव्हती. त्रिभुवनदास गज्जरांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा कारागिराने आपल्या मातृभाषेत आणि आपल्या हाताने शिकावे हेच सूत्र होते.

रोजच्या कामात आलेख किती उपयोगी पडतो, हे रेल्वेत नोकरी केलेल्या घरांना ठाऊक आहे. कंट्रोल ऑफिसात टेबलावर एक लांबच लांब कागद पसरलेला असे. त्यावर एका बाजूने वेळ आणि दुसऱ्या बाजूने एकापाठोपाठ स्टेशने. स्टेशनमास्तर टेलिफोनवर गाडी गेल्याची वेळ सांगे, कंट्रोलर ठिपका देई आणि मागच्या ठिपक्याला जोडी. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगात. आडवी झाली की गाडी थांबली. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा जिथे छेदतील, तिथे स्टेशन असलेच पाहिजे, नाहीतर अपघात. पातालपाणीच्या घाटात गाडी दोन स्टेशनांच्या मधे खोळंबली, तर ते कागदावरच्या सरळ रेघेला कळत नसे. पुढचा टेलिफोन आला नाही की मगच कंट्रोलरला शंका येई. चांगला कंट्रोलर रेघेवर विसंबत नसे, पुढच्या ठिपक्याची वाट पाही.

ही शिस्त इतिहास वाचताना आपण पाळतो का, हे पाहण्यासाठी एक आलेख काढू. घरी जाऊन आपणही काढावा. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या शिरगणतीप्रमाणे अशी: १९०१ साली २३.८४ कोटी, १९११ साली २५.२१ कोटी, १९२१ साली २५.१३ कोटी, १९३१ साली २७.९० कोटी. क्ष-अक्षावर २ सेंटिमीटर म्हणजे १० वर्षे घ्या. य-अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १ कोटी घ्या आणि आरंभ २३ कोटींपासून करा. खालचा भाग गाळला हे कळावे म्हणून तळाशी नागमोडी खूण, म्हणजे अक्षसंकोच, दाखवायला विसरू नका. आता चार ठिपके द्या आणि जोडा.

१९११ आणि १९२१ यांच्या मधली रेघ पाहा. ती जवळजवळ सपाट आहे. दहा वर्षांत घट सुमारे पावणेआठ लाखांची. कागदावर ती एक मिलिमीटरही भरत नाही, सर्वांत लहान चौकटीपेक्षाही कमी. शून्यापासून आरंभ करून १ सेंटिमीटरला ५ कोटी घेतले असते, तर ही घट पेन्सिलीच्या जाडीत बुडून गेली असती. ही रेघ सांगते की त्या दहा वर्षांत विशेष काही घडले नाही, देश जिथल्या तिथे राहिला.

त्याच रेघेच्या पोटात १९१८ साल आहे. त्या वर्षी इन्फ्लुएन्झा मुंबईच्या बंदरातून आत शिरला आणि रेल्वेने देशभर पसरला. आपल्या आजी-पणजींनी त्याला मानमोडी म्हटले. पावसाने दगा दिलेला, धान्य महाग झालेले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली, तिने मुख्यतः तरण्याताठ्या माणसांना नेले. अखंड हिंदुस्थानात मेलेल्यांचे अभ्यासकांचे अंदाज साधारण सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. त्याआधीची सहा-सात वर्षे लोकसंख्या साधारणपणे वाढत होती. वर्षावर्षाचे ठिपके हाती असते तर रेघ आधी चढली असती, १९१८ पाशी कड्यावरून कोसळली असती, आणि मग पुन्हा उभी राहू लागली असती. पट्टी धरून आपण दोन टोके जोडली आणि तो कडा सपाट करून टाकला. ठिपके दोन्ही खरे आहेत. शिरगणतीने खोटे काही लिहिले नाही. खोटे बोलली ती मधली रेघ, आणि ती आपण ओढली.

म्हणून आलेख टाकून द्यावा, असे मी म्हणत नाही. रेघेवाचून चाल दिसत नाही आणि चाल दिसल्यावाचून प्रश्न सुचत नाहीत. मागणे एवढेच, की ठिपके ठसठशीत काढावेत, रेघ फिकी ठेवावी, आणि जिथे दोन ठिपक्यांमधे फार अंतर आहे तिथे थांबून विचारावे की या मधल्या काळाचे साक्षीदार कोण.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वस्ती केलेल्या समाजाला हा प्रश्न अगदी जवळचा आहे. आपल्या शहरात मराठी बोलणारे किती उरले, हे आपण दर शिरगणतीनंतर पाहतो, दोन आकडे घेतो, रेघ ओढतो आणि तिच्या उतारावरून आपले भवितव्यही सांगून मोकळे होतो. दहा वर्षांच्या त्या पोकळीत कोण नोकरीसाठी गेले, कोण सून होऊन आले, कोणत्या घरी मुलांनी भाषा बदलली, कोणत्या घरी नातवाने ती परत उचलली, हे त्या रेघेत नसते. ते आपल्या ट्रंकांमध्ये असते. कुलवृत्तान्त, सोयर-सुतकाच्या नोंदी, जुन्या पंचांगांच्या कडेला केलेली टिपणे, लग्नपत्रिका, देवघरातल्या वहीत लिहिलेल्या श्राद्धतिथी, ही सगळी मधल्या काळाची साक्ष आहे.

माझी विनंती अशी. ज्यांच्या घरी कुलवृत्तान्त किंवा तिथींची वही आहे, त्यांनी शके १८४० चे पान उघडावे. आश्विन-कार्तिकाच्या नोंदी वाचाव्यात. मग आलेखाचा एक कागद घ्यावा, १९०१ पासून १९३१ पर्यंत वर्षावर्षाला आपल्या कुळातले जन्म आणि मृत्यू दोन रंगांच्या ठिपक्यांनी मांडावेत, आणि ती नक्कल मंडळाच्या ग्रंथालयात द्यावी. दहा घरांचे असे कागद एकावर एक ठेवले, तरी शिरगणतीच्या त्या सपाट रेघेखाली काय दडले आहे ते आपल्या शहरापुरते दिसू लागेल. जे कागद जमतील त्यांत कोठे वर्षे गळालेली असली, तर ती जागा मोकळीच ठेवावी; अंदाजाने जोडू नये.